लेफ्ट इन, राइट आऊट आणि चौथी सीट

८ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमधली ब्राँझ पदकाची हॉकी मॅच बघायला विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पंधरा-सोळा माणसं कोंबलेली होती. ऑफिस म्हणजे वॉचमनची केबिन, एक कपाट आणि गणपतीत आणलेला टीव्ही. गुरुवार होता, त्यामुळे निम्म्या लोकांनी ऑफिसला तापाचं कारण दिलं होतं. मीही दिलं होतं. स्पेनने आधी गोल केला तेव्हा तो ताप खरोखरच चढतो की काय असं वाटलं. मग हरमनप्रीत सिंगने मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टी कॉर्नरवर एक ठोकला, आणि मध्यंतरानंतर चहाचे कप खाली ठेवायच्या आत पेनल्टी कॉर्नरवरच दुसरा. दोन-एक. शेवटची शिट्टी वाजली तशी आमची केबिन हादरली. वॉचमनने सेक्रेटरींना मिठी मारली. एरवी ते दोघं पाण्याच्या टँकरवरून एकमेकांशी बोलत नाहीत.

तळमजल्यावरचे काका तेवढे खुर्चीतून हलले नाहीत. दुधाच्या हिशेबात दोन दिवस जास्त लागलेल्या माणसाच्या चेहऱ्याने ते विचारत होते, "कॉर्नर कुणी मिळवला?"

सेक्रेटरी म्हणाले, "काका, मेडल मिळालं!"

"मेडल मला दिसलं. कॉर्नर कुणी मिळवला?"

कुणालाच सांगता येईना. काकांनी एक सुस्कारा सोडला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. हे ते दर मॅचनंतर करतात. नडगीवर दोन खोबणी आहेत, एक बलसाडची आणि एक भुसावळची. काका पश्चिम रेल्वेतून रिटायर झालेले. तरुणपणी खात्याच्या टीममध्ये लेफ्ट इन खेळायचे, मुरमाच्या मैदानावर. आता ज्यांना लेफ्ट इन म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांनी आपलं वय कमी आहे एवढं समजून घ्यावं. पूर्वी हॉकीत पाच फॉरवर्ड असायचे. दोन टोकांना लेफ्ट आऊट आणि राइट आऊट, त्यांच्या आत लेफ्ट इन आणि राइट इन, मधोमध सेंटर फॉरवर्ड. पाच बोटांचा पंजा. "आता काय," काका म्हणतात, "दोन-तीन बोटं पुढे, बाकीची खिशात."

त्या पॅरिसचाच हिशेब घ्या. भारताने एकूण १५ गोल केले, त्यांतले १० एकट्या हरमनप्रीतचे. आणि हरमनप्रीत कोण, तर बचावपटू! अभिषेकचे दोन, मनदीपचा एक, सुखजीतचा एक, म्हणजे सगळ्या फॉरवर्ड लाइनचे मिळून चार. उरलेला एक मधल्या फळीतल्या विवेक सागर प्रसादचा. एखाद्या कंपनीत असा ताळेबंद निघाला असता, तर आख्खी फॉरवर्ड लाइन सोमवारी नोटीस पीरियडवर गेली असती. काका म्हणतात, इथेच तुम्ही लोक फसता. हॉकीत गोल लांबून मारता येत नाही, तो 'डी'च्या आतूनच मारावा लागतो. ही डी गोलपासून साधारण १४.६३ मीटरवर आखलेली. तिच्यात चेंडू घेऊन घुसायचं, चार धिप्पाड बचावपटूंच्या मध्ये कोंडी करून घ्यायची, आणि गोल दिसत नसेल तर कुणाचा तरी पाय शोधून त्यावर चेंडू मारायचा. पायाला लागला की शिट्टी, शिट्टी की पेनल्टी कॉर्नर, मग मागून साहेब येणार, स्टिकने चेंडू ओढत झटक्याने फेकणार, म्हणजे ड्रॅग फ्लिक मारणार आणि बोर्डावर साहेबांचं नाव लागणार. "अर्ज कारकून लिहितो, सही साहेबाची," काकांचा निकाल. "तुम्ही सही बघून टाळ्या वाजवता."

ही वाक्यं मी तेव्हा एका कानाने ऐकली. दुसऱ्या कानात आमच्या बायकोचा फोन होता. ती ऑफिसातून विचारत होती, ताप उतरला का?

आता आमच्या लोकलमधल्या फॉरवर्ड लाइनविषयी.

मनवेलपाड्यातून विरार स्टेशनला शेअर रिक्षाने जायचं, तेव्हाच माणसाची जडणघडण सुरू होते. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी चौथा. हा चौथा अर्धा बाहेर असतो. तलावावरून रिक्षा वळली की तो पाऊण बाहेर असतो. ज्याला हे जमलं, त्याला लोकलमधली चौथी सीट म्हणजे सोफा. चौथी सीट ही चीज बाहेरच्या माणसाला समजत नाही. बाकावर तिघं बसलेले असतात. आपण जाऊन नुसतं "जरा" म्हणायचं. तिघं एक-एक बोटभर सरकतात आणि तीन बोटांची जी जागा तयार होते, तिच्यावर टेकायचं. एक पाय बाकाखाली, दुसरा पॅसेजमध्ये, आणि शरीराचा उरलेला भार संस्कारांवर.

आमचा ग्रुप सात जणांचा. खरी नावं कुणालाच कुणाची नीट ठाऊक नाहीत. कोर्ट, एमआर, बँक, मंत्रालय अशी ऑफिसावरून पडलेली नावं, आणि एक फुलपाडा. तो फुलपाड्याहून येतो आणि नक्की काय करतो हे विचारायला आठ वर्षांत वेळ मिळाला नाही. सातवा एक मुलगा आहे. तो कानात काहीतरी घालून उभा असतो, बसायला सांगितलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो. आदर्श राखीव खेळाडू.

सकाळची गाडी चर्चगेटहून येते, विरारला रिकामी होते आणि परत फिरते. 'रिकामी होते' हे वेळापत्रकातलं वाक्य झालं. प्रत्यक्षात उतरणारे आणि चढणारे एकाच दारात एकाच वेळी असतात आणि दोघांनाही आपणच कायदेशीर आहोत असं वाटत असतं. गाडी फलाटात शिरताना वेग पुरता उतरायच्या आतच कोर्ट आत गेलेला असतो. काटकुळा माणूस आहे, तारखा पडून पडून झिजलेला. हा आमचा राइट आऊट. काका त्याला "मरशील एक दिवस" म्हणतात आणि ते शंभर टक्के खरं आहे, तरी ऐकत नाही. एमआर लेफ्ट आऊट. त्याची औषधांची बॅग एवढी मोठी की ती आधी आत जाते आणि तिच्या मागून तो. बँक राइट इन, मी लेफ्ट इन. ही पदं काकांनी दिलेली. मला लेफ्ट इन दिलं तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता, स्वतःची जागा होती ना. मधल्या खांबाशी फुलपाडा. हा सेंटर फॉरवर्ड का, तर तो दुसरीकडे मावत नाही.

मंत्रालय मात्र फॉरवर्ड लाइनमध्ये नाहीच. तो फलाटावरूनच खेळतो. गाडी हळू झाली की तो खिडकीच्या गजांच्या फटीतून रुमाल फेकतो. रुमालाला एका टोकाला गाठ मारलेली असते, म्हणजे वजन राहतं. मनगटाचा एक झटका, आणि रुमाल बरोबर हवेच्या विंडोवर. काकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ड्रॅग फ्लिक."

कुठली विंडो हेही शास्त्र आहे. सकाळी चर्चगेटकडे तोंड करून बसलात तर ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी विरारकडे तोंड केलं तरी ऊन डावीकडूनच येतं. म्हणजे पश्चिम रेल्वेवर माणूस जन्मभर डाव्या गालाने म्हातारा होतो. म्हणून उजवी बाजू, गाडीच्या तोंडाची विंडो. तिथे हवा मिळते आणि त्वचाही टिकते.

आमचा सगळ्यात जुना वैरी म्हणजे नालासोपाऱ्याचा माणूस. तो नालासोपाऱ्याला विरारकडे येणाऱ्या गाडीत बसतो, एक स्टेशन उलटा येतो आणि विरारला न उतरता तिथेच बसून राहतो. आम्ही जिवावर उदार होऊन आत पोचावं, तर हा विंडोला डोकं टेकून झोपलेला. रिटर्न येणं हे पाप आहे असं आमच्या ग्रुपचं एकमुखी मत. मी एकदा काकांना म्हटलं, "हा सरळसरळ ऑफसाइड नाही का? गोलपाशी आधीच जाऊन उभं राहायचं!"

काका म्हणाले, "होता. १९९६ मध्ये हॉकीने ऑफसाइड प्रयोग म्हणून उठवला आणि दोन वर्षांत कायमचा काढून टाकला. आता फॉरवर्ड गोलकीपरच्या मांडीवर जाऊन बसला तरी चालतं. नालासोपारा नियमात आहे."

तेव्हापासून आम्ही त्या विषयावर बोलणं बंद केलं.

बदली खेळाडूंचं म्हणाल तर तेही आमच्याकडे आहे. हॉकीत १९९२ पासून हवं तेव्हा आत-बाहेर करता येतं. फॉरवर्ड पाच-सात मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येऊन पाणी पितो, पुन्हा जातो. आमच्यात बोरिवली गेली की बसलेला उठतो आणि उभ्याला बसवतो. अंधेरीला पुन्हा फिरवाफिरव. बोरिवलीला चढू पाहणाऱ्यांना आमच्याविषयी वेगळं मत आहे, पण ते फलाटावर राहिल्यामुळे आमच्यापर्यंत पोचत नाही.

बायकोला मी हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती लेडीज डब्याने जाते. ती म्हणाली, "एवढी पळापळी कशाला? आम्ही आत गेलो की बसलेलीला विचारतो, कुठे उतरणार. ती म्हणते दादर. झालं, दादरला ती सीट माझी. माझ्यानंतर कुणाची, तेही ठरलेलं. भांडण झालंच तर नंबरावरून, सीटवरून नाही." काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मॅन-टू-मॅन मार्किंग. बायका पुढे आहेत आपल्या."

गडबड सुरू झाली ती बँकेच्या वहीमुळे. सवयच ती. त्याने एक वही घातली आणि रोज कुणी कुठली सीट पकडली ते लिहू लागला. विंडोला तीन गुण, मधल्या सीटला दोन, कडेच्या सीटला एक, चौथीला अर्धा. महिनाअखेरीस मंत्रालय सगळ्यांच्या कितीतरी पुढे. कोर्ट दुसरा. मी शेवटून दुसरा. शेवटी फुलपाडा, गुण शून्य. आख्ख्या महिन्यात त्याने एकही सीट पकडली नव्हती. तो नेहमी सगळ्यांच्या नंतर, घामाघूम होऊन, बॅग ओढत आत यायचा आणि जे उरलं असेल त्यावर टेकायचा. बहुतेक वेळा काहीच उरलेलं नसायचं.

नेमका त्याच वर्षी ऑक्टोबरात, १३ ते १५ तारखांना, दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. सात वर्षं बंद पडलेली लीग पुन्हा सुरू होत होती. हरमनप्रीतला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतलं, सगळ्यात महाग. अभिषेकला बंगालने ७२ लाख दिले, मधल्या फळीतल्या हार्दिक सिंगला यूपीने ७० लाख. परदेशी खेळाडूंत सगळ्यात महाग गेला गोंझालो पेइयाट, ६८ लाख. तोही ड्रॅग फ्लिकरच. बायकांच्या पहिल्यावहिल्या लिलावात सगळ्यात जास्त ३२ लाख उदिताला, आणि तीही बचावपटू. महाराष्ट्राची टीमच नव्हती, त्यामुळे आम्हाला तटस्थपणे चर्चा करता आली. एरवी तटस्थपणा आम्हाला झेपत नाही.

त्याच आठवड्यात समोरच्या बाकांवरच्या ग्रुपमधून प्रस्ताव आला. आमच्या गाडीला तीन डबे जोडून ती पंधरा डब्यांची झाली होती, डबा थांबायची जागा जिन्याच्या तोंडाशी सरकली होती आणि दोन्ही ग्रुपची लाइन विस्कटली होती. काका म्हणाले, हे माँट्रियल झालं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. गवतावर मनगटं फिरवत वाढलेल्या आपल्या लोकांच्या पायाखालची जमीनच बदलली. भारत सातवा आला. "दोष खेळाडूंचा नव्हता. फलाट बदलला होता." तर प्रस्ताव असा, की दोन्ही ग्रुप मोडायचे आणि सगळ्यांचा नव्याने लिलाव करायचा. चलन वडापाव. मूळ किंमत एक.

लिलाव बोरिवली ते अंधेरी झाला. मंत्रालय चौदा वडापावांना गेला. आमच्या खिशाला ते आयुष्यभर झेपणार नव्हते, पण बोलीच्या ओघात कुणाला भान राहतं? तो आमच्याकडेच राहिला. कोर्ट नऊ. एमआर सहा, बॅगेसकट. मी साडेतीनला गेलो. त्यातला अर्धा माझ्याच तोंडून निघाला होता, लाजेपोटी. फुलपाड्याचं नाव पुकारलं. बँकेने वही उघडून वाचलं, "शून्य." कुणी काही बोललं नाही. कानात काहीतरी घातलेल्या मुलानेसुद्धा एका कानातलं काढून ऐकलं. शेवटी समोरचे लोक म्हणाले, राहू दे, कटिंग चहावर देतो का? फुलपाडा हसला. "चहा मी पाजतो," म्हणाला आणि उठून समोरच्या बाकांकडे गेला. म्हणजे उभाच होता, फक्त वळला.

पुढचे तीन आठवडे आमचे जे हाल झाले ते वहीत आहेत. रुमाल बरोबर पडायचा. विंडोवरच पडायचा. पण मागून येणारा माणूस वेळेत पोचेना. मी धापा टाकत जावं तर एखादा सज्जन माणूस विंडोत बसलेला असायचा आणि रुमालाची व्यवस्थित घडी करून पुढे करायचा, "हा तुमचा का?" कोर्ट आत शिरायचा पण दारातच उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात उलटा फिरून फलाटावर यायचा. एकदा तर तो विरारला चढला आणि विरारलाच उतरला, तेही न थांबता. एमआरची बॅग आत गेली आणि एमआर बाहेर राहिला. ती नायगावला उतरवून घेतली. आणि समोरचा ग्रुप? ज्यांना आयुष्यात विंडो माहीत नव्हती, ते लोक विंडोला बसून मटार सोलत होते.

काकांना बोलावलं. त्यांना चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर कुठलीशी मॅच बघायला जायचंच होतं. ही त्यांची जुनी तीर्थयात्रा, विरारला बसायचं, चर्चगेटला उतरायचं, चालत स्टेडियम. त्यांच्या मते पश्चिम रेल्वे मुळात बांधली ती यासाठीच. ते फलाटावर हात मागे बांधून उभे राहिले, आमची चढाई पाहिली, आणि गाडी सुटल्यावर एकच प्रश्न विचारला. "तुमचा सेंटर फॉरवर्ड कुठंय?"

बँकेने वही दाखवली. शून्य.

काकांनी वही मिटली. "बर्लिन ऑलिंपिक माहितीये? १९३६. तिकडे पोचल्यावर जर्मनीशी सराव सामना झाला आणि आपण ४-१ हरलो. टीममध्ये कोण होतं? ध्यानचंद होता, रूपसिंग होता. चार वर्षांपूर्वी याच दोघा भावांनी अमेरिकेला एका मॅचमध्ये अठरा गोल मारले होते. तरी हरले. का? राइट इनची जागा जमत नव्हती. ध्यानचंदने बसून विचार केला आणि हिंदुस्थानात तार करायला लावली, दाराला पाठवा. दारा आला, सेमीफायनलपासून खेळला. फ्रान्सला दहा-शून्य. फायनलला जर्मनीला आठ-एक. आता तू तुझी वही घेऊन बस आणि सांग, ध्यानचंदचे गोल कुणाच्या खात्यावर टाकशील?"

बँक म्हणाला, "ध्यानचंदच्याच."

"म्हणून तू बँकेत आहेस," काका म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. फुलपाडा दारातल्या खांबाशी उभा राहिला की गर्दीचे दोन पाट होतात. उतरणारे सगळे एका बाजूने वाहतात, कारण दुसऱ्या बाजूला फुलपाडा असतो. त्या दुसऱ्या बाजूने कोर्ट आणि बँक सटकन आत जातात. मागून एमआर. "हा माणूस जागा पकडत नाही रे, जागा करतो. धनराजचं काय झालं? १९९८ ला बँकॉकला बत्तीस वर्षांनी एशियाडचं सोनं आणलं. कॅप्टन होता. परत आल्यावर धनराजसकट कितीतरी जणांना टीममधून काढलं. खडकीच्या पोराची किंमत करायला बसले वहीवाले!" काका धनराज पिल्ले म्हणत नाहीत, नुसतं धनराज म्हणतात, आणि म्हणताना चष्मा काढून पुसतात.

नोव्हेंबर संपत आला होता. त्याच दिवसांत आयपीएलच्या लिलावात पृथ्वी शॉला कुणी घेतलं नव्हतं. मूळ किंमत ७५ लाख, तरी नाही. २०२२ मध्ये त्याच्यासाठी साडेसात कोटी मोजले होते. आमच्या विरारचा पोरगा. लहानपणी क्रिकेटचं किट घेऊन वडिलांबरोबर याच लोकलने वांद्र्यापर्यंत जायचा. डब्यात त्या दिवशी या विषयावर कुणी जोक केला नाही. किटबॅग घेऊन विरार लोकलमध्ये चढलेल्या माणसाची किंमत काय असते, हे इथे प्रत्येकाला खांद्याने माहीत आहे.

फुलपाड्याला परत आणायचं ठरलं. समोरच्यांना सुगावा लागला होता, ते अडून बसले. बावीस वडापाव, वर एक आठवडा आमची हवेची विंडो. आम्ही मान्य केलं. पूर्वी जो कटिंगवर गेला, तो मंत्रालयपेक्षा आठ वडापाव महाग परत आला. एमआरने पेढे आणले. काका मुद्दाम फलाटावर सत्काराला आले आणि म्हणाले, "सांग बाबा, हे तंत्र तू शिकलास कुठे?"

फुलपाडा गोंधळला. "कुठलं तंत्र?"

"खांबापाशी अंग टाकून गर्दी फोडायचं."

"मी कुठे काय टाकतो, काका? माझ्या बॅगचा पट्टा लांब आहे. तो त्या खांबाला अडकतो."

"रोज?"

"रोज. सोडवेपर्यंत सगळे आत गेलेले असतात. म्हणून तर मला सीट मिळत नाही कधी."

आठ वर्षं. बँकेने खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. कोर्ट तोंड फिरवून इंडिकेटरकडे बघू लागला. बावीस वडापाव आम्ही एका पट्ट्यासाठी मोजले होते. काका मात्र डगमगले नाहीत. ते म्हणाले, "ध्यानचंदचा चेंडू स्टिकला चिकटायचा म्हणून लोक संशय घ्यायचे. तुझी बॅग खांबाला चिकटते. देणगी असते एकेकाची."

फुलपाड्याला हे फार लागलं. आपल्यामुळे गर्दी अडते, लोकांना त्रास होतो, आणि वर ग्रुपने आपल्यासाठी एवढे पैसे मोजले! भला माणूस. त्याच रविवारी त्याने स्टेशनबाहेरून नवी बॅग आणली. पाठीला लावायची, आखूड पट्ट्यांची, अंगाला घट्ट बसणारी. सोमवारी ती आम्हाला हसून दाखवली. "आता कुणाला त्रास नाही."

आम्ही काही बोलायच्या आत गाडी आली.

त्या दिवशी काकाही बरोबर होते, पुन्हा कुठली तरी मॅच होती. मंत्रालयने झटका दिला, रुमाल गेला. कोर्टने उडी घेतली आणि लोंढ्याबरोबर परत आला. एमआर बॅगेमागे अडकला. मी लेफ्ट इनच्या जागेवरून आत शिरायला गेलो तो एका सुटकेसवर बसलो. फुलपाडा खांबापाशी पोचला, सवयीने थांबला, पण अडकायला काहीच नव्हतं. मागून आख्ख्या विरार पूर्वेचा धक्का आला. तो जो सुटला, तो पॅसेजमधून, दोन बाकांमधून, कुणाच्या तरी गुडघ्यांवरून थेट उजव्या बाजूच्या, गाडीच्या तोंडाच्या, हवेच्या विंडोत जाऊन बसला. अंगाखाली रुमाल. गाठीसकट.

आम्ही पोचलो तेव्हा बाकीचा बाक भरलेला होता. काकांना एका मुलाने जागा दिली. आम्ही पाच जण कड्यांना लटकून फुलपाड्याकडे बघत राहिलो. त्याने आठ वर्षांत पहिल्यांदा पश्चिमेची खाजणं बसून पाहिली असतील. चेहऱ्यावर वारा येत होता. वसईची खाडी यायच्या आत त्याची मान खिडकीवर कलली आणि तो घोरू लागला.

बँकेने वही काढली. पेनाचं टोपण दाताने उघडलं. "विंडो, तीन गुण," तो म्हणाला. "कुणाच्या नावावर? रुमाल मंत्रालयचा. बसला फुलपाडा. त्याने तर काहीच केलं नाही, धक्का पब्लिकचा होता. काका, काय लिहू?"

काका पुढे झुकले. पॅरिसच्या त्या संध्याकाळचा तोच चेहरा.

"आधी मला सांग," ते मोठ्याने म्हणाले, "पास कुणाचा?"

फुलपाड्याने डोळे उघडले नाहीत. त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, त्याने प्लास्टिकच्या कव्हरातला पास काढून आमच्यासमोर धरला, क्षणभर तसाच धरून ठेवला, मग परत खिशात घातला आणि पुन्हा घोरू लागला.